पाहुण्यांसाठी घेतलेली गादी

आमच्या वाशिमात गादी घ्यायला गेलेलं माणूस गादीवर झोपून बघत नाही. पुरुष असेल तर काठावर टेकतो, दोनदा वरखाली होतो आणि मान हलवतो. बाई असेल तर तळहातानं दाबून बघते, बाजारात वांगं दाबावं तशी. चप्पल घेताना आपण दुकानभर चालून पाहतो, आणि जिच्यावर रोज पाठ टाकायची ती गादी नुसती हात लावून घरी आणतो. चारचौघांत आडवं कसं व्हायचं, आणि त्यातून बाईमाणसानं? मीही तशीच दाबून पाहिली आणि मान हलवली. पण माझी चूक दाबण्यात झाली नाही, बोलण्यात झाली.

आधी गादी कुणासाठी ते सांगते. माझी आई किन्हीराजाला, माझ्या माहेरच्या गावी, एकटी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी एकुलती एक लेक. शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेलं, सोयाबीन-तूर निघेल तेवढी निघायची, आणि आई एकटी पण मजेत. एकट्या म्हाताऱ्या माणसाला मजेत म्हणणं लेकीच्या सोयीचं असतं, हे मलाही कळतं. पण ती खरंच मजेत होती. संध्याकाळी गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्याच ओट्यावर असायच्या आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल बोलायच्या.

यंदा पोळा झाला आणि ती न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण मणक्याला मार बसला. वाशिमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला आत सांगितलं, की यांना आता एकटं ठेवू नका, आणि जमिनीवरची उठबस तर पूर्ण बंद. मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

मी म्हटलं, "बरं वाटेपर्यंत माह्याकडं राह्य म्हणे."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. ते 'बरं वाटेपर्यंत' माझ्या पदरचं. घरी येऊन नवऱ्यालाही मी तेच सांगितलं. तो 'हं' म्हणाला. तो कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाबरोबर संसार करण्याची एक सोय असते, त्याच्या तोंडात आपल्याला हवे ते शब्द घालता येतात. त्या 'हं'चा मी माझ्यापुरता अर्थ लावून टाकला, की याला सासू कायमची घरात नको आहे. विचारलं मात्र नाही.

आमच्याकडे लेकीच्या घरी आई राहायला येत नाही, पाहुणी म्हणून येते. येताना तुरीची डाळ, गहू, काही ना काही घेऊन येते, म्हणजे लेकीचं फुकट खाल्लं असं व्हायला नको. चार दिवस राहते आणि जाते. त्याहून जास्त राहिली की शेजारीण विचारते, "अजून हायेत का तुमच्या आई?" त्या 'अजून'ला उत्तर नसतं. मी मुलगा असते तर कुणी विचारलं नसतं. हे सगळं मला पाठ होतं आणि त्याचा मला रागही येत होता. पण राग येणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. मी विम्याची कामं करते. दिवसभर लोकांच्या ओसरीवर बसून म्हातारपणाची सोय आत्ताच करून ठेवा असं समजावत हिंडते, आणि लोकांना ते पटतंही. स्वतःच्या आईच्या म्हातारपणाची सोय मी 'बरं वाटेपर्यंत' एवढ्यावर भागवली.

घर आमचं दोन खोल्या आणि एक बैठक. एक खोली आमची, दुसरीत लेक आणि तिची बारावी. बारावी म्हणजे घरात देव बसवल्यासारखं असतं, तिथं कुणी आवाज करायचा नाही आणि कुणाला हलवायचंही नाही. म्हणजे आईसाठी उरली बैठक. बैठकीत पलंग टाकला असता तर टाकता आला असता. पण पलंग टाकला की तो दिसतो. आल्यागेल्याला दिसतो, आणि या घरात आता एक माणूस वाढलं आहे हे तो सगळ्यांना सांगत बसतो. मला सांगणारी वस्तू नको होती.

म्हणून मी मोबाइलवर फ्युटॉन शोधून काढला. रात्री गादी, दिवसा सोफा. जपानातली म्हातारी माणसं म्हणे त्यावरच झोपतात आणि शंभरी गाठतात. व्हिडिओतली बाई एका हातानं घडी घालत होती आणि हसत होती. मला तिचं ते हसणं फारच पटलं.

नवऱ्याला घेऊन मी गादीघरात गेले. दुकानदार मूळचा मेडशीचा, म्हणजे माझ्या सासरच्याच गावचा. त्याच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळच्या एसटीनं मेडशीला पोचते. पूर्वी त्याचे वडील कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. आता पुढच्या बाजूला फोमच्या गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभ्या असतात आणि पिंजायचं यंत्र कोपऱ्यात कापडाखाली. फ्युटॉन त्याच्याकडे होता, खालच्या बुटक्या लाकडी चौकटीसकट. तो त्याला फोल्डिंगवाली गादी म्हणत होता. त्यानं ती उघडून दाखवली, मिटून दाखवली. मी दाबून पाहिली. मग त्यानं धंद्याचा साधा प्रश्न विचारला.

"कोणाले झोपाचं हाय ताई? म्हाताऱ्या माणसाले वेगळी लागते, लेकराईले वेगळी. पाठीचं काम हाय."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात मला धाक दिसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. आईसाठी म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, की किती दिवस राहणार आहेत? मी म्हणाले, "पाहुण्यांसाठी. आले-गेले."

"मंग हेच न्या," तो म्हणाला. "पाहुणा काय जलमभर राह्यते का?"

तो हसला, मीही हसले. नवरा हसला नाही, पण तो तसाही कमी हसतो. ताकाला गेले आणि भांडं लपवून आले, असा तो सगळा व्यवहार. दुकानदारानं पाहुण्याला शोभेल अशी मऊ, लवचिक, घडी पडणारी गादी दिली. त्यात त्याचं काही चुकलं नाही.

आई आली ती डाळीचं पोतं आणि आपली वाकळ घेऊन. मी तिला सोफा दाखवला, मग पाठ ओढून तो सपाट केला. ती बराच वेळ बघत राहिली. "भल्ली हुशार वस्तू हाय," ती म्हणाली. एवढंच. मला बरं वाटलं. आता वाटतं, तिला सगळं तेव्हाच कळलं असणार.

माझा मूर्खपणा मला दुसऱ्याच दिवशी दिसला, आणि तो असा होता की जपानी बाईला त्याचा पत्ता लागला नसता. आईचं अंथरूण दिवसा सोफा होतं. सोफ्यावर घरधनी बसतो. आणि जिथं जावई बसतो तिथं सासू बसत नाही. माझी आई जावयासमोर डोक्यावर पदर घेते, त्याच्याइतक्या उंच आसनावर बसत नाही, त्याच्यासमोर आडवं होणं तर सोडूनच द्या. नवरा सकाळी चहा घेऊन तिथं पेपर वाचायचा, म्हणून तो उठायच्या आधी आई उठलेली, अंघोळ झालेली, गादीची घडी घातलेली आणि वाकळ दारामागं ठेवलेली. संध्याकाळी कामावरून येऊन तो तिथंच टीव्ही बघायचा, म्हणून तो झोपायला जाईपर्यंत आई स्वयंपाकघरात पाटावर. ज्या बाईनं जमिनीवर बसायचं नाही ती सगळी संध्याकाळ भिंतीला पाठ लावून जमिनीवर. तो म्हणायचा, "आई, बसा ना इथं." ती म्हणायची, "बसली हाव न बापा, तुमी बसा."

गादी बुटकी, त्यातून मऊ. सकाळी उठताना आई आधी कुशीवर व्हायची, मग खिडकीचा गज धरायची, मग थोडं थांबायची. गज धरलेली तिची मूठ मी खोलीच्या दारातून बघायचे आणि पुन्हा आत जायचे. बाहेर येऊन हात दिला असता तर ती काही खाली पडली नसती, उलट वर आली असती. पण हात दिला की दोघींनाही मान्य करावं लागलं असतं की हे रोजचं आहे. मी आत जाऊन उगाच कपाट उघडायचे.

नवऱ्याला मी साधं म्हणू शकले असते, की तुम्ही खुर्चीवर बसत जा. घरात खुर्ची होती. मी रोज ठरवायचे आणि रोज मूग गिळून बसायचे. त्याला म्हटलं की तो विचारणार, किती दिवस? आणि 'कायमचं' हा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता. उलट मी आईवरच चिडायला लागले. "तू कायले खाली बसतं? दुखन ना पाठ!" असं खेकसायचे. अपराधी माणसाचा आवाज चढतो, हे मी लोकांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलं होतं.

आईच्या पाठीला मलम चोळताना एकदा ती म्हणाली, "दिवाळी झाली का मी जातो आपली गावी. सोयाबीन निघून राह्यलं, घर बंद हाय."

"पाठीचं काय?"

"बरं वाटून राह्यलं आता."

बरं वाटेपर्यंत राहा, असं मीच सांगितलं होतं. आता तिला बरं वाटत होतं. भिंत धरून चालत होती, पण बरं वाटत होतं. तिला अडवायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती, डॉक्टरांचं खरं बोलणं, आणि ते मी गिळून बसले होते. ती गेली असती तर त्याच न्हाणीत, त्याच ओल्या फरशीवर एकटी गेली असती. हे मला दिसत होतं आणि मी मलम चोळत होते. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती.

मग मी माणसं करतात तेच केलं. बोलायचं टाळून खरेदी करायचं ठरवलं. चांगला उंच दिवाण आणि त्यावर नारळाच्या काथ्याची कडक गादी आणली की आईची पाठ बरी, ती राहील, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. नवरा कामावर गेल्यावर मी आईला ऑटोत घालून त्याच गादीघरात नेलं.

दुकानदारानं ओळखलं. "काय ताई, फोल्डिंगवाली दबली का?"

मी म्हटलं, कडक दाखवा, काथ्याची. त्यानं आतल्या बाजूला दिवाणावर घातलेली एक दाखवली. मी सवयीनं तळहात ठेवला. आई म्हणाली, "हातानं काय समजते? झोपून पाह्यतो."

"आई, लोकं हायेत."

"लोकाईले पाठ नाई का?"

तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावर नीट ओढला, काठावर बसली आणि सरळ आडवी झाली. दुकानात उशांचे भाव करणारं एक जोडपं वळून बघायला लागलं. आईनं डोळे मिटले. मला आधी लाज वाटली, आणि मग मी तिचा चेहरा पाहिला. कपाळावरची आठी गेली होती. माझ्या घरी आल्यापासून ती आठी मी रोज बघत होते आणि ती म्हातारपणाची आहे असं धरून चालले होते.

दुकानदार जवळ आला. माणूस चांगला होता, चांगुलपणानंच बोलला. "ह्या तुमच्या आई का? मंग तवाच सांगतलं असतं ना ताई. तुमी तं पाहुण्यांसाठी म्हणून नेली. पाठवाल्या माणसाले म्या ते कधीच देली नसती."

आईचे डोळे मिटलेलेच होते. पापणीसुद्धा हलली नाही. त्यावरूनच मला कळलं की तिनं ऐकलं आहे.

काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि मी एकदम, गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "हो, माही आई हाय. आई आता माह्याकडंच राह्यते. कायमची." उशांच्या भावावरचं जोडपंही ऐकेल इतक्या मोठ्यानं. जो शब्द घरात निघत नव्हता तो इथं निघाला, आणि क्षणभर मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

आईनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही, वर छताकडे बघत म्हणाली, "इथं सांगून काय होते वं? घरी सांग."

ती उठली. गादी उंच होती, म्हणून कुणाला न धरता उठली. चपला घालताना म्हणाली, "गादी चांगली हाय."

"घेऊ का मंग?"

"आधी सांग, मंग घे."

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. ऑटोत ती बाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेला कुणी सोयाबीन वाळत घातलं होतं, त्यावर ती दोन वाक्यं बोलली, यंदाचा दाणा बारीक आहे वगैरे. मी हो हो म्हणत होते. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी उलट बोलले असते, रडले असते, दोघी मोकळ्या झालो असतो. पण ती सोयाबीनबद्दल बोलत राहिली.

संध्याकाळी नवरा आला, हातपाय धुऊन सोफ्यावर बसला आणि आई नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेली, मेथी निवडायला. मी टीव्ही बंद केला. दिवसभर मी वाद घोकत होते. मला भाऊ नाही, मी तुमच्या आईचं सगळं केलं की नाही, लेक काय नि मुलगा काय, अशी सगळी शस्त्रं काढून ठेवली होती.

"अहो," मी म्हटलं, "आई आता गावी जाणार नाई. डॉक्टर पैल्याच दिवशी म्हणे का एकटं ठेवू नका. म्या तुमाले सांगतलं नाई."

"हं," तो म्हणाला. मग पुढं म्हणाला, "मले तं तवापासून वाटे का आई आता इथंच राह्यतीन. दुकानात त्यानं इचारलं तवा म्या तुह्याकडं पाह्यलं, म्हटलं आता सांगते. तू म्हटलं पाहुण्यांसाठी. मले वाटलं, तुलेच नको हाय. तुही माय, मी कायले मधात बोलू?"

त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

माझी शस्त्रं तशीच राहिली, भांडायला समोर कुणीच नव्हतं. लोक, शेजारीण, मेडशी, नवऱ्याचा धाक, या सगळ्यांच्या मागं मी इतके दिवस उभी होते, आणि आता ते एकेक बाजूला झाल्यावर मागं मीच सापडले. सासूबाई गेल्यावर आत्ता कुठं हे घर माझं झालं होतं. दुपारी आडवं व्हावं, लेकीवर ओरडावं, भाजी उरली तर टाकून द्यावी, कुणी बघणारं नव्हतं. आई आली की कुणीतरी बघणार. दिवसभर कुणाची तरी लेक होऊन राहायचं मला नको होतं. हे लिहितानाही हात आखडतो, पण खरं तेच होतं. नको होती ती मला, आणि नाव मी नवऱ्याचं पुढं करत होते.

तो उठला. स्वयंपाकघराच्या दारातली प्लास्टिकची खुर्ची त्यानं बैठकीत आणली आणि तिच्यावर जाऊन बसला.

मी आत गेले. आई मेथीची जुडी मांडीवर घेऊन पाटावर बसली होती. मी म्हटलं, "ऐकलं ना?"

"बहिरी नाई मी."

"मंग आता इथंच राह्य."

तिनं मेथीची काडी मोडली. "इचारून राह्यली का सांगून राह्यली?"

मला रडू आलं, पण तिला रडणं आवडत नाही. "सांगून राह्यली," मी म्हटलं.

तिनं हात पुढं केला. मी धरला. उठताना ती जड लागली, माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जड, आणि हे वजन रोज सकाळी खिडकीच्या गजानं उचललं होतं. ती बैठकीत आली, डोक्यावर पदर घेतला आणि जावयाच्या समोर, सोफ्यावर बसली. त्यानं मान खाली घालून मोबाइल बघायला घेतला. आईनं पाय वर घेतले, वर पाहिलं आणि म्हणाली, "मंग तो पंखा बंद कर. आली तवापासून थंडी वाजून राह्यली मले."

मी जाऊन पंखा बंद केला.